गाडीच्या भावात सायकल

“अक्का, कळलं का? कोपऱ्यावरच्या भाऊजींनी ती काळी सायकल आणलीय ना, तिचे पैसे त्यांच्या त्या पिटुकल्या गाडीएवढे पडले म्हणे.”

अक्कांच्या हातातली नळी कुंडी सोडून थेट रस्त्यावर फिरली. सिडकोत पाण्याचा दिवस असला की अख्खी गल्ली कंपाउंडला असते. मोटर चालू, टाकी भरू लागलेली, घरात जाऊन दुसरं काम काढावं तर टाकी वाहून जायची धास्ती. मग तोंडंच चालणार.

“सायकल? गाडीएवढी?”

“हो.”

“इंजिन आहे का तिला?”

“नाही हो.”

“मडगार्ड?”

“नाही.”

“कॅरियर? घंटी? स्टँड तरी?”

“स्टँडसुद्धा नाही, अक्का. भिंतीला टेकवून ठेवतात.”

“मग पैसे कशाचे दिले गं माय त्यांनी?”

नेमका हाच प्रश्न वहिनींनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, बिल हाती लागल्यावर विचारला होता. भाऊजी म्हणाले, “जे नाही त्याचेच तर पैसे आहेत. वजन नाही.” त्यावर वहिनी जे बोलल्या ते मला मोरीच्या खिडकीतून स्वच्छ ऐकू आलं, पण छापण्यासारखं नाही.

ती पिटुकली गाडी कोणती ते आधी सांगते, कारण गल्लीत नवा येणारा माणूस तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. ती बजाजची क्यूट. आपल्या वाळूजला तयार झालेली. २०१२ च्या जानेवारीत दिल्लीत पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिचं नाव होतं आरई ६०. पुढे नाव बदललं, परदेशात विकायला लागले, आणि घरच्या रस्त्यावर यायला मात्र २०१९ चा एप्रिल उजाडला. मधली वर्षं हिला मोटार म्हणायचं की रिक्षा, या वादात गेली. शेवटी सरकारदरबारी तिच्यासाठी वेगळा वर्गच काढावा लागला, क्वाड्रिसायकल. बाजारात आली तेव्हा पेट्रोलवालीची किंमत २ लाख ४८ हजार. इंजिन २१६ सीसीचं, तेही मागच्या बाजूला. वजन ४०० किलोच्या आसपास. वेग ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जात नाही. पुढचं बॉनेट उघडलं की आत इंजिन दिसेल म्हणून माणूस वाकतो, तर तिथे पिशव्या ठेवायचा कप्पा. गिअरचा दांडा डॅशबोर्डातून बाहेर आलेला. एसी नाही.

“एसी नाही? आपल्या मे महिन्यात?”

“वहिनी ओला पंचा घेऊन बसतात.”

भाऊजींनी ती जुनी घेतली. कुणाकडून आणि कितीला, ते विचारायची सोय नाही. विचारलं की ते गाडीचं वर्णन सुरू करतात आणि आकडा बाजूलाच राहतो. चार माणसं बसतात, गुलमंडीच्या गर्दीत वळते, पेट्रोल पीत नाही. आणि सिग्नलला शेजारच्या दांडग्या गाडीची काच खाली होते, आतला माणूस विचारतो, “काका, ही मिळते कुठं?” त्या एका प्रश्नासाठी भाऊजी जालना रोडवरून उगाच एक चक्कर जास्त मारतात, असं वहिनींचं म्हणणं आहे. माझंही.

“आणि ती पांढरी उंच गाडी? तिला कसल्या राक्षसाचं नाव आहे ना?”

“येती. हिमालयातला केसाळ हिममानव, तो.”

“गाडीला असलं नाव ठेवतं का कुणी?”

स्कोडावाल्यांनी ठेवलं. २०१० च्या शेवटी ती भारतात आली, जोडणी आपल्या शेंद्र्याला. इंग्लंडमधल्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमात तर तिच्या टपावर हेलिकॉप्टर उतरवून दाखवलं होतं. एवढं होऊनही आपल्याकडे ती फारशी खपली नाही. लोकांना कळेना की ही जीप आहे, व्हॅन आहे की कार आहे, आणि जे कळत नाही त्यावर आपला माणूस पंधरा-वीस लाख टाकत नाही. भाऊजींना मात्र अशीच गाडी लागते. चारचौघांनी नाकारली, कंपनीने बंद केली, सुटे भाग शोधायला चार ठिकाणी फोन करावे लागतात, की यांच्या डोळ्यांत चमक. तिच्या मागच्या तिन्ही सीटा सुट्या आहेत. पुढे-मागे सरकतात, दुमडतात आणि पाहिजे तर उचलून बाहेर काढता येतात. त्यामुळे गेले कित्येक महिने वहिनींच्या हॉलमध्ये येतीच्या दोन सीटा आहेत. पाहुणे त्यांवर बसून चहा पितात. आणि गाडीत सीटांच्या जागी सायकल उभी, पुढचं चाक काढून, पट्ट्यांनी बांधून.

हा ओढा भाऊजींना कुठून लागला म्हणाल, तर ते मूळचे इचलकरंजीकडचे. तिथे शंकरराव कुलकर्णी म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. शिक्षण सातवीपर्यंत, आणि स्वतःच्या डोक्याने मोटार बनवली. १९४९ मध्ये पहिली, दोन माणसांची. मग सुधारत सुधारत सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने काढले. नाव मीरा. चाकांना पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचं सस्पेन्शन, आणि बारा हजारांत सामान्य माणसाला गाडी द्यायचा हिशेब. सरकारी मंजुरीच्या फेऱ्यांत ती कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. टाटांची नॅनो २००८ मध्ये लाख रुपयांच्या बोलीने आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पुन्हा एकदा शंकररावांची आठवण काढली. भाऊजींना ती लहानपणापासून होती. त्यांच्यासमोर नॅनोचं कौतुक करायचं नाही. लगेच इचलकरंजी निघते.

“म्हणजे वेड गावाकडून आलंय,” अक्कांनी निकाल दिला. “पण आपल्या गावाचं वेड वेगळं होतं बरं का. ते मर्सिडीजचं आठवतं का?”

आठवतं म्हणजे काय! २०१० च्या ऑक्टोबरमध्ये या शहरातल्या लोकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा. देशभरच्या पेपरात पहिल्या पानावर आपलं नाव. तोपर्यंत औरंगाबाद म्हटलं की लोकांना वेरूळ-अजिंठा आणि बीबी का मकबरा. त्या आठवड्यात मुंबईच्या माझ्या नणंदेने फोन करून विचारलं, “तुम्हीपण घेतली का गं?” आमच्या दारात तेव्हा बजाज चेतक होती, आणि तीही तिरकी केल्याशिवाय चालू होत नव्हती.

मला त्या दीडशे गाड्यांचं कौतुक तेव्हाही फार नव्हतं आणि आताही नाही. मर्सिडीज घेणाऱ्याला गाडीत काय आहे हे सांगावं लागत नाही, तारा बघूनच लोक सलाम करतात. भाऊजींच्या गाडीला तसा सलाम नाही. तिच्याविषयी अर्धा तास बोलावं लागतं, तेव्हा कुठे समोरचा मान हलवतो. पण ज्याला बोलायची हौस आहे त्याला दुसरं काय पाहिजे?

तर सायकल. सायकलीवर यायच्या आधी भाऊजी स्कोडाची गोष्ट सांगतातच, आणि ती गोष्ट मला मनापासून आवडते. चेक लोकांच्या देशात म्लादा बोलेस्लाव नावाचं गाव आहे. तिथे वाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याची सायकल बिघडली. सायकल जर्मन कंपनीची, म्हणून त्याने कंपनीच्या कचेरीला आपल्या भाषेत, चेकमध्ये, तक्रारीचं पत्र लिहिलं. उलट टपाली निरोप आला की उत्तर हवं असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा.

“अस्सं?” अक्कांनी नळी खाली ठेवली. भाषेची गोष्ट निघाली की अक्का पदर खोचतात. “मग?”

“मग काय, लिहिलंच नाही. वाक्लाव लाउरिन नावाचा मेकॅनिक गाठला आणि १८९५ मध्ये दोघांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मग स्वतःच्या सायकली काढल्या, नाव ठेवलं स्लाविया. मग मोटरसायकली. १९०५ मध्ये मोटार. १९२५ मध्ये स्कोडा नावाच्या बड्या कारखान्यात हे दुकान मिसळलं. आणि २००१ मध्ये आपल्या शेंद्र्याला आलं.”

“एका पंक्चरवरून?”

“पंक्चरच होतं की आणखी काही, ते माहीत नाही. पण सायकलीवरूनच.”

अलीकडे त्यांनी जी स्लाविया नावाची कार काढली, तिला त्या पहिल्या सायकलीचंच नाव दिलंय. भाऊजींनी ही गोष्ट सांगितली की समजावं, आता ते सायकलीच्या खर्चाचं समर्थन करणार.

आपल्या वेळी असल्या जाड टायरच्या सायकलीला रेंजर म्हणायचे. हीरोची असो की आणखी कुणाची, सगळ्या रेंजरच. नव्वदच्या सुमाराला दहावीला चांगले टक्के पडले की पोरं रेंजर मागायची. तिला पुढे शॉकअप नसायचा, नुसता चिमटा. नंतरच्या सायकलींना शॉकअप आले पण ते दाखवण्यापुरते. आत एक स्प्रिंग, दाबली की खाली, सोडली की टणकन वर. खड्ड्यातून गेलं की सायकल आपल्यालाच धक्का देणार.

हे मी स्वतःच्या अकलेने सांगत नाही. आमचे हे वाळूजला शॉकअपच्या लाइनवर होते, जन्म त्यात गेला. आमच्या घरात मुलांना अंगाई ऐकवायच्या वेळी हे डॅम्पिंग समजावून सांगायचे. स्प्रिंग म्हणजे नुसती ताकद; ती आवरायला तेल लागतं. तेल बारीक भोकांतून जाताना अडतं, त्यामुळे धक्का हळूहळू जिरतो. मोटरसायकलीच्या पुढच्या दोन नळ्यांत हाच खेळ. त्यामुळे भाऊजींची सायकल आली त्या संध्याकाळी हे तोंड धुऊन, चष्मा पुसून, निमंत्रणाची वाट न बघता कोपऱ्यावर गेले ते दहा वाजता आले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आत स्प्रिंगच नाही.”

“फसवलं की मग!”

“नाही अक्का. स्प्रिंगच्या जागी हवा आहे.”

तर तसं आहे. पोलादाची स्प्रिंग जड, म्हणून एका नळीत दाबून हवा भरायची आणि दुसऱ्या नळीत तेल. १९८९ मध्ये रॉकशॉक्स नावाच्या अमेरिकी कंपनीने पहिल्यांदा माउंटन बाइकसाठी असा चिमटा बाजारात आणला. काढणारा पॉल टर्नर मूळचा मोटरसायकल शर्यतींतला माणूस. हवा किती भरायची ते बसणाऱ्याच्या वजनावर. त्यासाठी एक छोटा पंप येतो, त्याला गोल काटा. वहिनींनी पहिल्यांदा भाऊजींना तो हातात घेऊन काट्याकडे टक लावून बसलेलं पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, बीपी बघू लागलेत. त्या साखर-मीठ घालून पाणी घेऊन धावल्या. हवा भरून झाली की माणसाने पूर्ण तयारीनिशी सायकलीवर बसायचं आणि चिमटा किती खाली बसतो ते मोजायचं. एकूण चालीच्या पाचवा ते चौथा हिस्सा बसला की बरोबर. आमच्या ह्यांनी ते वहिनींच्या शिवणकामाच्या टेपने मोजलं. टेप अजून परत आलेली नाही.

आणि देखभाल? दर ५० तास चालवली की खालच्या नळ्या काढायच्या, पुसायच्या, नवं तेल घालायचं. हे म्हणाले, “लोक मोटरसायकलीचा शॉकअप तेल गळून चाकावर येईपर्यंत उघडत नाहीत आणि तुम्ही ५० तासांत?” पण म्हणताना आवाजात तक्रार नव्हती. तेल घालायचं किती, तर एका बाजूला दहाएक मिलिलिटर. मोजायला आमच्या घरचं खोकल्याच्या औषधाचं झाकण गेलं.

आता गंमत ऐका. हे सगळं सामान तैवानवरून, जपानवरून, अमेरिकेवरून मागवायचं, कस्टमची ड्युटी भरायची, आणि महिनाभर कुरिअरवाल्याला फोन करायचे. इकडे आपल्या वाळूजला एन्ड्युरन्सचं मुख्य ठाणं. १९८५ पासूनची कंपनी, दुचाकींचे शॉकअप, डिस्क ब्रेक, क्लच, अॅल्युमिनियमचं ओतकाम, सगळं करते. पलीकडे व्हॅरॉक. ह्यांनी भाऊजींना सांगितलं की या एन्ड्युरन्सने २०२० मध्ये इटलीची ग्रिमेका नावाची ब्रेकवाली कंपनी विकत घेतली. भाऊजी खुर्चीतून उठले. “ग्रिमेका? अहो, पंचवीस वर्षांपूर्वी माउंटन बाइकला डिस्क ब्रेक बसवायचे तर ग्रिमेकाचे बसवायचे लोक!” आणि मग दोघं बराच वेळ गप्प. ज्या नावाचे ब्रेक भाऊजींनी तरुणपणी परदेशी मासिकांत बघून सोडून दिले, त्या नावाचे मालक बीड बायपासवरून वीस-पंचवीस मिनिटांवर.

“मग इथंच का नाही करत सायकलीचे?” अक्कांनी विचारलं. मीही ह्यांना तेच विचारलं होतं. उत्तर सोपं आहे. मोटरसायकलीचा शॉकअप लाखांनी जातो. साचा एकदा केला की दिवसरात्र माल. सायकलीचा असला चिमटा घेणारे या शहरात गल्लीतल्या मुलांनी बोटांवर मोजावेत एवढे. आणि वजनाचं शास्त्र वेगळं. मोटरसायकलीला किलोभर इकडेतिकडे चालतं, इथे शंभर ग्रॅमवर भांडण. कारखानदाराला परवडत नाही हे खरं. पण हात इथे आहेत, डोकी इथे आहेत, निवृत्त होऊन कुंड्यांना पाणी घालू लागलीत. मला याचा राग येतो. कुणाचा येतो ते नक्की सांगता येत नाही.

चिमट्यानंतर गिअर. पुढे एकच चाक, मागे बारा, त्यातलं मोठं एक्कावन्न दात्यांचं. चढाला ते टाकलं की माणूस चालत्या माणसाइतक्या वेगाने पण न उतरता वर जातो. सीट उतारावर आडवी येते म्हणून हँडलवरचं बटण दाबून तिच्यावर वजन टाकलं की खाली बसते. वजन काढून पुन्हा दाबलं की आपोआप वर. समोरच्या घरातल्या नातवाने ते दिवसभर दाबून पाहिलं आणि भाऊजींनी पहिल्यांदा आवाज चढवला. मागच्या चाकाचा आवाज तर गल्लीला पाठ झालाय: पायडल थांबवलं की कर्रर्र. महागड्या फ्रीव्हीलचा आवाज मोठा असतो म्हणे. पहाटे साडेपाचला ती कर्रर्र वाजली की कुत्री उठतात, मग दूधवाला, मग मी.

पण भाऊजींच्या सगळ्या सामानात मला पटलेली एकच वस्तू, टायरमधलं दूध. ट्यूब नाहीच. टायरच्या आत रबराच्या चिकापासून केलेलं पांढरं पाणी ओतायचं. काटा घुसला की हवेबरोबर तो चीक भोकाकडे धावतो आणि तिथेच घट्ट होतो. आपल्या डोंगरांवर याची किंमत कळते. बाभळीचा काटा एकवेळ परवडला, पण सराटा! जमिनीलगत पसरलेला, दिसत नाही, आणि त्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर. पैठण गेटजवळचे सायकलवाले उस्ताद, ज्यांनी आमच्या मुलांच्या सायकलींचे आऊट काढले, छर्रे बदलले, त्यांचा उपाय साधा होता: जुन्या टायरची पट्टी कापून नव्या टायरच्या आत घालायची. भाऊजींनी त्यांना हे दूध दाखवलं. उस्तादांनी बोटावर घेतलं, वास घेतला, म्हणाले, “साब, ये सही चीज है. हमारा धंदा बंद करेगी, लेकिन सही है.”

“आणि जातात कुठे एवढं करून?”

“कधी गोगाबाबा, कधी सातारा डोंगर. रविवारी सारोळ्याकडे.”

गोगाबाबाची टेकडी विद्यापीठाच्या मागे. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे तिथे भाऊजी सूर्य उगवायच्या आत वर जाऊन सूर्य उगवला की खाली. चालणाऱ्याला आधी वाट द्यायची हा त्यांचा नियम, आणि तो ते पाळतात, हे मान्य करायला पाहिजे. खंडोबाच्या देवळामागचा सातारा डोंगर मोकळा, पण वाट वाईट. आपला डोंगर काळ्या खडकाचा, वरून मुरूम. खडकावर टायर धरतो आणि मुरमावर छर्ऱ्यांवरून गेल्यासारखा घसरतो. पुढचा ब्रेक जोरात दाबला की संपलं. पावसाळ्यात मुरूम बसतो, चांगला होतो, तेव्हा डोंगर मऊ आणि हिरवा. पण डोंगरापर्यंत पोचायला मधे काळी माती लागली तर चाक फिरेनासं होतं, सायकल खांद्यावर. ऑक्टोबरनंतर कुसळं. वहिनी दर रविवारी दुपारी मोज्यांतून कुसळं उपसत व्हरांड्यात बसतात आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

डोंगरात सायकल घालायचा हा खेळ सुरू कसा झाला, तेही मला भाऊजींनीच सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरांत काही पोरं १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये भंगारातल्या जाडजूड जुन्या सायकली घेऊन उतारावर शर्यत लावू लागली. जो ब्रीझ, गॅरी फिशर वगैरे, त्यांतले काही पुढे सायकलींचे कारखानदार झाले. सव्वातीन किलोमीटरात जवळपास ४०० मीटरचा उतार. त्या सायकलींना पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक, मागच्या चाकाच्या पोटात. खाली पोचेपर्यंत तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि दर शर्यतीनंतर चाक उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या रस्त्याचं नावच पडलं ‘रिपॅक’. पुढचे हे सगळे महागडे ब्रेक, चिमटे, गिअर त्या धुरातून आले.

“म्हणजे तेही आधी भंगारवालेच,” अक्का म्हणाल्या. “पण बिबट्या? डोंगरात एकटे जातात ना?”

“बिबट्याला डोंगर कशाला पाहिजे, अक्का? २०१९ च्या डिसेंबरात तो आपल्या एन-वनला आला होता. २०२४ मध्ये उल्कानगरीत फिरून गेला.”

“तेही खरंच. घरी बसलेला माणूस तरी कुठे सुरक्षित आहे.”

आता खरी बातमी, जिच्यासाठी मी सकाळपासून अक्कांची मोटर चालू व्हायची वाट बघत होते. येत्या रविवारी म्हैसमाळ. भाऊजी सायकल येतीत टाकून पुढे जाणार, खुलताबादपासून वर घाट सायकलीवर चढणार. मागून क्यूट. आणि क्यूट चालवणार वहिनी!

“वहिनी? त्यांना गाडी येते कधीपासून?”

“शिकल्या. गपचूप. भाऊजी डोंगरात असताना, कॅनॉटच्या रस्त्यांवर, सकाळी सहाला. म्हणाल्या, मोठ्या गाडीची भीती वाटते, ही माझ्या मापाची आहे.”

आणि आमचे हे काल रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. चौघांचं वजन, इंजिनाची ताकद, घाटाचा चढ. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर आहे, पण आपलं शहरच सहाशेच्या आसपास आहे, तेव्हा चढायचं राहतं ते चार-पाचशे. त्यांच्या हिशेबाने दुसऱ्या गिअरमध्ये सहज जाते. भाऊजींच्या हिशेबाने तिसऱ्यात जाते. यावरून दोघांची शंभर रुपयांची पैज लागलीय. गाडीत बसायला वजन पाहिजे म्हणून ह्यांनी माझं नाव घातलं, आणि पुढच्या सीटसाठी तुमचं, अक्का.

“माझं? न विचारता?”

“विचारू लागलेय ना आता.”

अक्कांनी नळ बंद केला. पदराला हात पुसले. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यात नेहमीच बस आडवी येते, तिथे वहिनी काय करतील, हे त्यांनी आधी विचारलं. मी सांगितलं की ही गाडी तिथून बसच्या बाजूनेही निघेल. मग त्यांनी विचारलं की भद्रा मारुतीला थांबणार का. थांबू. सीताफळं घेणार का. मिळाली तर घेऊ, पुढच्या कप्प्यात जागा आहे.

“माझं वजन किती लिहिलंय तुझ्या नवऱ्यानं?”

मी आकडा सांगितला.

“दहा कमी लिहिलेत,” अक्का म्हणाल्या. “जाऊन सांग त्याला, शंभर रुपये भाऊजींनाच देऊन टाक म्हणावं. गाडी पहिल्याच गिअरमध्ये जाणार आहे, आणि मी उतरणार नाही.”